तुंबा, आरे आणि धाव

बैलगाडीचे चाक आता भोपाळच्या रस्त्यांवर क्वचितच दृष्टीस पडते. तथापि त्या चाकाच्या अवयवांची नावे आमच्या पिढीच्या कानांत अजून आहेत. मधला जाड लाकडी गोळा तो तुंबा, त्यातून चहूकडे निघणारे ते आरे, आणि आऱ्यांची बाहेरची टोके जोडणाऱ्या लाकडी कड्यावर तापवून चढविलेली लोखंडी पट्टी ती धाव. आरा एका अंगाने तुंब्याला धरून असतो आणि दुसऱ्या अंगाने, या कड्याच्या योगे, शेजारच्या आऱ्याला.

संगणकांची जाळी विणणाऱ्या मंडळींनी हीच उपमा उचलली आहे. मुख्य कचेरीतील यंत्र तो हब म्हणजे आपला तुंबा, आणि गावोगावच्या शाखांतील यंत्रे ते स्पोक म्हणजे आरे. मात्र उपमा घेताना त्यांनी चाकाचा एक अवयव मागे ठेवला. त्यांच्या चाकाला धाव नाही. प्रत्येक आरा तुंब्याशी जोडलेला, पण आऱ्याचा आऱ्याशी काही संबंध नाही. या लेखात आम्हास जे सांगावयाचे आहे ते या राहून गेलेल्या धावेविषयीच आहे.

घरगुती मासिकात हा यंत्रांचा विषय कशाला, असे एखाद्या भगिनीला वाटेल. परंतु बँकेतील पैसा, रेल्वेचे आरक्षण, रेशनचे धान्य आणि निवृत्तिवेतन या साऱ्यांच्या वाटा आज अशाच जाळ्यांतून जातात. शिवाय महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे चाक परके नाही. आपण सारे कोणत्या ना कोणत्या तुंब्याचे आरेच आहोत.

भोपाळ शहर तुंबा कधी झाले ते तारखेनिशी सांगता येते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळचे छोटे राज्य अशा चार तुकड्यांची ती जोडणी होती. जुन्या मध्य प्रदेशाचा कारभार नागपुरातून चाले, मध्य भारताचा ग्वाल्हेर आणि इंदूर येथून आळीपाळीने, विंध्य प्रदेशाचा रीव्याहून. तेथल्या कचेऱ्या भोपाळला हलल्या, तेव्हा दप्तरांच्या पेट्यांबरोबर कितीतरी मराठी बिऱ्हाडेही येथे येऊन पडली. त्याच सुमारास अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि पिपलानी, बरखेडा या वसाहतींत आणखी मराठी घरे झाली. नागपूरचा मराठी माणूस, ग्वाल्हेरचा मराठी माणूस आणि इंदूरचा मराठी माणूस हे एकमेकांच्या बोलण्याला हसत हसत तात्या टोपे नगरात शेजारी झाले ते या तुंब्यामुळे.

राज्य जुळविणाऱ्यांनी त्या वेळी सारेच भोपाळला आणून ठेवले नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. उच्च न्यायालय जबलपूरला गेले, महसूल मंडळ ग्वाल्हेरला राहिले, लोकसेवा आयोग इंदूरला बसला. राजधानी हुकलेल्या शहरांची समजूत घालणे हा त्यातला हेतू असेलच. पण चाकाचा सगळा भार एका तुंब्यावर पडू नये हेही त्यातून आपोआप साधले.

आता यंत्रांकडे वळू. राउटर हे नाव भारदस्त असले तरी त्याचे काम आपल्या परिचयाचे आहे. रेल्वेच्या टपाल डब्यात भिंतीला लहान लहान खण असत, आणि धावत्या गाडीत उभा राहून सॉर्टर प्रत्येक पत्रावरचा पत्ता वाचून ते योग्य खणात टाकी. राउटर हा तसाच सॉर्टर आहे. संगणकाने पाठविलेला मजकूर तुकड्यातुकड्यांनी त्याच्याकडे येतो, तो प्रत्येक तुकड्यावरचा पत्ता वाचतो, आपल्या जवळच्या यादीत तो पत्ता कोणत्या दाराने गाठावयाचा हे पाहतो आणि त्या दाराने तुकडा बाहेर सोडतो. यादीत नाव नसेल तर तुकडा टाकून देतो. पत्र परत पाठविण्याची जी भीड टपाल खात्याला असते तीही त्याला फारशी नाही.

तुंबा-आरे पद्धतीची सोय येथे ध्यानात येते. सिहोरच्या सॉर्टरला दोनच खण पुरतात: एक आपल्या गावाचा, दुसरा उरलेल्या साऱ्या जगाचा, आणि त्या दुसऱ्या खणावर लिहावयाचे ‘भोपाळकडे’. शहाणपण सारे भोपाळात. शिवाय खर्चही वाचतो. २०२३ साली मऊगंज, मैहर आणि आपल्या मराठी भाषकांचे पांढुर्णा असे तीन नवे जिल्हे झाल्यावर मध्य प्रदेशातील जिल्ह्यांची संख्या ५५ झाली. प्रत्येक जिल्हा भोपाळशी जोडावयाचा तर ५४ तारा लागतील. प्रत्येक जिल्हा प्रत्येकाशी जोडावयाचा म्हटले तर १,४८५! कोणत्याही हिशेबनिसाला या दोन आकड्यांतून निवड करण्यास फार वेळ लागू नये. म्हणूनच केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्याराज्यांसाठी संगणकजाळ्यांची जी योजना मंजूर केली, तिची रचनाही राज्याचे मुख्यालय, त्याखाली जिल्हे, त्यांखाली विकासखंड अशी पायऱ्यापायऱ्यांचीच होती.

सोयीची किंमत मात्र कोठेतरी द्यावी लागते. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत लहान तबकड्या बसवून उपग्रहामार्फत जाळे उभारले, तेव्हा त्याचा तुंबा दिल्लीत होता. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. एका जिल्ह्याचा मजकूर वर जाई, दिल्लीला उतरे, पुन्हा वर चढे आणि मग दुसऱ्या जिल्ह्यात उतरे. म्हणजे सिहोर आणि भोपाळ या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील गावांतला निरोप अशा वाटेने गेला तर त्याला जवळजवळ १,४४,००० किलोमीटर हिंडावे लागे. प्रकाशाच्या वेगाने हा प्रवास अर्ध्या सेकंदाचा, हे खरे. पण शेजाऱ्याशी बोलण्यासाठी पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा होतील एवढी पायपीट झाली हेही तितकेच खरे.

वाटेची लांबी हा या पद्धतीतला दोष क्षुल्लक आहे. खरा दोष निराळा आहे आणि तो आमच्या डोळ्यांदेखत घडला म्हणून येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सहकारी संस्थेच्या कारभारात आमचा थोडा हात होता. मुख्य कचेरी भोपाळला, आणि शाखा विदिशा, रायसेन, सिहोर व होशंगाबाद, ज्याचे नाव आता नर्मदापुरम झाले आहे, अशा चार ठिकाणी. खात्यांची दप्तरे त्या त्या शाखेच्या संगणकातच ठेवलेली होती आणि जरूर पडल्यास एका शाखेने दुसऱ्या शाखेचे दप्तर पाहावे अशी योजना होती. विदिशेला खाते असलेल्या एका वृद्ध बाई लेकीकडे रायसेनला आल्या आणि तेथे पडून त्यांचे हाड मोडले. पैशांची निकड होती. रायसेनच्या कारकुनाने विदिशेचे दप्तर उघडण्याची खटपट केली, उघडेना. दूरध्वनी केला तर विदिशेचे कारकून म्हणाले, आमचे यंत्र उत्तम चालले आहे, भोपाळशी आता बोलणे झाले. रायसेनचे म्हणाले, आमचेही भोपाळशी बोलणे होते आहे, तुम्हीच दार लावून बसला आहात. असे चार दिवस गेले. दोन्ही शाखांनी एकमेकांविरुद्ध लेखी तक्रारी केल्या. मुख्य कचेरी म्हणे, आम्हाला तर दोघेही दिसतात, आमचा काय संबंध?

आमची पुतणी याच व्यवसायात आहे. ती तेव्हा सुटीसाठी घरी आली होती. दोन्ही तक्रारअर्ज वाचून ती म्हणाली, “काका, दोघेही खरे बोलताहेत. भांडण मिटवीत बसू नका. भोपाळचा राउटर कोणाला काय सांगतो ते आधी पाहू या.”

तिने तिन्ही ठिकाणच्या याद्या काढून आमच्यासमोर ठेवल्या. भोपाळच्या यादीत विदिशा होती, रायसेनही होते. विदिशेच्या यादीत भोपाळ होते. रायसेनचे नाव नव्हते. रायसेनच्या यादीत भोपाळ होते; विदिशेचे नाव नव्हते.

“म्हणजे विदिशेला रायसेन ठाऊकच नाही?” आम्ही विचारले.

“नाही. भोपाळने कधी सांगितलेच नाही.”

“आणि भोपाळ का सांगत नाही? त्याला तर ठाऊक आहे.”

“त्याला तसा नियमच घालून दिला आहे, काका. ज्या दारातून बातमी आली त्या दारातून ती परत सांगायची नाही.”

या नियमाला त्यांच्या शास्त्रात स्प्लिट होरायझन म्हणतात. नाव बाजूला ठेवून त्याचे कारण पाहू, कारण ते मोठे मार्मिक आहे. राउटर आपली यादी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तयार करतात. १९८८ साली लेखी मान्य झालेल्या रिप नावाच्या जुन्या रिवाजात दर ३० सेकंदांनी प्रत्येक राउटर शेजाऱ्यांना सांगतो, ‘मला अमुक गावे ठाऊक आहेत आणि ती माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहेत.’ समजा, सिहोरने भोपाळला सांगितले की आष्टा माझ्यापासून एक टप्पा आहे. भोपाळने लिहून घेतले: आष्टा, दोन टप्पे. पुढे सिहोर-आष्टा तार तुटली. तेवढ्यात भोपाळ भाबडेपणाने सिहोरला म्हणाले, ‘मला आष्टा ठाऊक आहे हो, दोन टप्प्यांवर.’ ती वाट आपल्याच अंगणातून जाते हे सिहोरला कळत नाही. ते लिहिते: आष्टा, भोपाळमार्गे, तीन टप्पे. ते ऐकून भोपाळ लिहिते चार, मग सिहोर पाच. आष्ट्याचे टपाल दोघांमध्ये चेंडूसारखे फिरत राहते आणि दोघेही एकमेकांच्या भरवशावर निश्चिंत असतात. ऐकीव बातमी ज्याची त्यालाच परत मिळाली की ती नवी वाटू लागते, हा अनुभव आपल्या वाड्यांतही आलेला आहे. हा घोळ कोठेतरी थांबावा म्हणून रिप रिवाजात १५ टप्प्यांपर्यंतच वाट मानतात. १६ म्हणजे ‘वाट नाही, तिकडे जाऊ नका’. आणि घोळ मुळात सुरूच होऊ नये म्हणून हा दाराचा नियम.

तेव्हा नियम शहाणपणाचाच. दारापलीकडे एकच शेजारी असेल तर त्याने सांगितलेले त्यालाच परत सांगण्यात काही अर्थ नाही. परंतु आमच्या मुख्य कचेरीत चारही शाखा एकाच दारापलीकडे होत्या. दार एक, बिऱ्हाडे चार. विदिशेची बातमी त्या दारातून आत आली, म्हणून भोपाळने ती त्या दारातून बाहेर सांगितली नाही. आणि रायसेनचे ऐकण्याचे दार नेमके तेच होते. चारही शाखांना भोपाळ एकच घर समजत होते आणि एका घरात सर्वांना सर्व ठाऊक असणारच असे गृहीत धरीत होते.

उपाय तीन होते, असे पुतणीने सांगितले. तुंब्याच्या त्या एका दारापुरता नियम उठवावा. आऱ्यांना जाण्याची दुसरी वाटच नसल्याने येथे घोळाचे भय थोडे. किंवा दार तेच ठेवून यंत्रापुरती त्याची चार निराळी दारे मानावी, प्रत्येक शाखेला स्वतंत्र. किंवा शाखांना एकच शिकवावे, जे ठाऊक नाही ते भोपाळकडे पाठवा, भोपाळ पाहून घेईल. संस्थेच्या माणसाला शेजारी बसवून तिने पहिला उपाय करविला. एका ओळीचे काम. पुढच्या अर्ध्या मिनिटात विदिशेच्या यादीत रायसेन उमटले आणि रायसेनच्या यादीत विदिशा. त्या बाईंना दुपारी पैसे मिळाले. दोन्ही तक्रारअर्ज मात्र फायलीत लागले ते लागलेच.

जाता जाता दुसऱ्या एका रिवाजाचीही गंमत सांगतो. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीत राउटर ऐकीव बातम्यांवर न विसंबता सगळा नकाशाच जवळ बाळगतात आणि त्यावरून जवळची वाट काढतात. ही वाट काढण्याची युक्ती डच गणिती डायक्स्ट्रा यांना १९५६ साली, म्हणजे भोपाळ राजधानी झाले त्याच वर्षी, ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिताना सुमारे वीस मिनिटांत सुचली. या पद्धतीत एका सामाईक तारेवरचे राउटर आपल्यातून एक मुखत्यार निवडतात आणि बाकीचे त्याच्यामार्फत नकाशे जुळवितात. निवडणूक म्हटली की घोटाळा आलाच. मुद्दाम काही सांगून ठेवले नाही तर केवळ ओळखक्रमांक मोठा म्हणून एखादी आडगावची शाखा निवडून येते. तिचा आवाज इतर शाखांना थेट ऐकू जात नाही, त्यामुळे साऱ्यांचेच नकाशे अपुरे राहतात. म्हणून जाणकार आऱ्यांची पात्रता शून्य लिहून ठेवतात. यात आऱ्याचा अपमान नाही. ज्याचे बोलणे सर्वांना ऐकू जाते आणि ज्याला सर्वांचे ऐकू येते त्यानेच अध्यक्षस्थानी बसावे एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांना हा नियम लावता आला तर किती बरे होईल!

असो. पुतणीने यंत्राचा नियम समजावून सांगितला, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या घरातच त्याचा प्रत्यय आला.

आमच्या चुलतघराण्यातील एक आत्याबाई सागरला असत. सागर भोपाळपासून सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या जेवणाला पोहोचावे एवढ्या अंतरावर. आत्याबाई आजारी पडल्या, दोन आठवडे अंथरुणावर होत्या आणि गेल्या. आम्हास हे कळले ते दहाव्याच्या आदल्या दिवशी, आणि तेही पुण्याच्या एका भाचेसुनेने दुसऱ्याच कामासाठी दूरध्वनी केला तेव्हा बोलण्याच्या ओघात. आम्ही थक्क झालो. ती बिचारी आमच्याहून थक्क झाली. म्हणाली, “काका, मला वाटलं तुम्हाला कधीच कळलं असेल. तुम्ही तिकडचेच ना!”

तिकडचेच! वाचकहो, या एका शब्दात सारे आले. आमच्या घराण्याचा तुंबा पुणे. सागरची बातमी पुण्याला गेली, जबलपूरची जाते, ग्वाल्हेरची जाते, भोपाळचीही जाते. पुण्याच्या मंडळींना आम्ही सारे ठाऊक आहोत आणि आमच्याविषयी त्यांना मायाही आहे. परंतु त्यांच्या लेखी आम्ही सर्व एकाच दारापलीकडचे, ‘तिकडचे’. तिकडून आलेली बातमी तिकडे पुन्हा काय सांगावयाची? सागरकरांना वाटले, पुण्याला कळविले म्हणजे सर्वांना कळले. पुण्याला वाटले, तिकडच्यांना कळलेच असणार. कोणीही काही लपविले नाही, कोणाच्याही मनात दुजाभाव नव्हता, आणि तरीही शेवटच्या दोन आठवड्यांत आत्याबाईंच्या उशाशी भोपाळचे कोणी बसले नाही. दहाव्याला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या सुनेच्या बोलण्यात थोडा दुरावा जाणवला. तिला वाटत होते की कळूनही कोणी आले नाही. विदिशा आणि रायसेनचे कारकून आम्हास त्या क्षणी आठवले.

एकट्या तुंब्यावर विसंबण्याचा दुसरा धोका याहून मोठा आहे. तुंबाच जायबंदी झाला तर प्रत्येक आरा धडधाकट असूनही एकटा पडतो. आमच्याच परिसरातील दोन प्रसंग या संदर्भात आठवतात.

पहिला मराठ्यांच्या इतिहासातला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेकडे येत होते. सैन्याच्या बातम्या ज्या वाटांनी यावयाच्या त्या आधीच तुटल्या होत्या. भाऊसाहेबांच्या छावणीकडून काही कळत नव्हते. मग वार्ता कळली कशी? सावकारांच्या जासुदाकडून. उत्तरेत आणि दक्षिणेत पेढ्या असलेल्या सावकारांची आपसांत पत्रे चालत. मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेतले असेच एक पत्र भेलशाच्या मुक्कामी, म्हणजे आजच्या विदिशेस, पेशव्यांच्या हाती पडले असे इतिहासकार सांगतात. दरबाराच्या जाळ्याला जे साधले नाही ते पेढ्यांच्या जाळ्याने केले, कारण पेढी पेढीला परस्पर लिहीत होती. बातमी वाईट होती हा पेढीचा दोष नव्हे. ती दहा-बारा दिवसांत पोहोचली हा तिचा गुण.

दुसरा प्रसंग आमच्या शहराच्या जिव्हारीचा. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटत असताना युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखाना रेल्वे स्थानकापासून दूर नव्हता. भोपाळ हे दिल्लीहून इटारसीकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गावरचे स्थानक. दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेल्या गाड्या त्याच्या रोखाने येत होत्या. पाळीवर असलेले उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वरच्या हुकमाची वाट न पाहता वेळेआधी पुढे सोडविली, आणि आजूबाजूच्या स्थानकांना भोपाळकडे गाड्या सोडू नका असे कळविले. स्वतः ते त्याच हवेत उभे होते. त्या वायूचा त्रास त्यांनी पुढे २००३ साली मृत्यू येईपर्यंत सोसला.

राउटरच्या भाषेत सांगावयाचे तर त्या रात्री त्यांनी आपल्याच स्थानकाचे अंतर १६ असे जाहीर केले: वाट नाही, इकडे येऊ नका. तुंब्याचे कर्तव्य केवळ सर्वांना आपल्याकडे बोलावणे एवढेच नसते. आपण निकामी झालो आहोत हे आऱ्यांना वेळेवर सांगणे, हे त्याचे सर्वांत अवघड कर्तव्य. पुष्कळदा तुंबा मुकाट्याने मरतो आणि आरे त्याच्या दिशेने टपाल पाठवीत राहतात. येथे एका माणसाने तसे होऊ दिले नाही, म्हणून कित्येक गाड्यांतले प्रवासी वाचले.

आज यंत्रे बसविणारे लोक या दोन्ही धोक्यांवर उपाय करतात. महत्त्वाच्या जाळ्यात एकाऐवजी दोन तुंबे ठेवतात आणि ते दोन निरनिराळ्या शहरांत असावेत असे पाहतात. दुसरी सोय आम्हास विशेष आवडली. विदिशेला रायसेनशी बोलावयाचे असेल तर पहिला तुकडा भोपाळमार्गेच जातो. तो पुढे पाठविताना भोपाळ विदिशेला सुचविते, ‘हे तर तुझ्या शेजारचेच, यापुढे सरळ त्याच्याशीच बोल.’ मग रायसेनचा पत्ता विदिशेच्या हाती येतो. त्यानंतरचे बोलणे परस्पर, तात्पुरत्या वाटेने होते आणि बोलणे संपले की ती वाट आपोआप मिटते. तुंब्याचा मान कमी होत नाही, कारण ओळख त्यानेच करून दिलेली असते. त्याच्या माथ्यावरचा भार मात्र कमी होतो.

चाकाची राहून गेलेली धाव ती हीच. घराण्यांना आणि समाजांनाही ती बसवून घ्यावी लागते. आत्याबाईंच्या पश्चात आमच्या घरी एक वही झाली. पुतणीने ती आखली, आमच्या मंडळींनी भरली. भोपाळ, सागर, जबलपूर, ग्वाल्हेर, देवास, इंदूर, धार येथील आमच्या सर्व घरांची नावे आणि पत्ते तीत आहेत, आणि प्रत्येक घरापुढे जवळच्या दोन घरांची नावे आहेत. नेम एवढाच की आजारपण, जन्म, मृत्यू, मंगलकार्य काहीही असो, पुण्याला कळवावे तसे त्या दोन घरांनाही परस्पर कळवावे. पुण्याने सांगितले असेल असे धरून चालू नये. वहीच्या नकला करून सर्व घरी पाठविल्या. सागरच्या सूनबाईंना पहिली नक्कल आम्ही स्वतः नेऊन दिली आणि विदिशा-रायसेनची हकीकतही सांगितली. त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन त्यांनी लेखणी आणली आणि सागरच्या नावापुढे भोपाळ व जबलपूर होते तेथे तिसरे नाव लिहिले: दमोह. तेथे त्यांच्या माहेरचे एक घर आहे. ते आम्हास ठाऊक नव्हते; पुण्यासही नसावे.

वाचकहो, आपापल्या घराण्याची अशी वही करून पाहावी. फार तर दोन संध्याकाळी लागतील.